चौकशीला आलेला पाहुणा

मावशी, तू गेलीस आणि आमच्या बिल्डिंगखालची भांडणं बंद पडली. बुधवार, शुक्रवार, रविवार, सकाळी साडेनऊच्या सुमाराला विरारच्या आमच्या गल्लीत तुझा आवाज यायचा आणि चौथ्या मजल्यावर माझी बायको म्हणायची, "जा, तुमच्या साहेबीणबाई आल्या." मी मासे घ्यायला खाली उतरायचो आणि तासाभराने मासे विसरून कागद घेऊन वर यायचो. टोपलीच्या बाजूला तुझी एक प्लास्टिकची पिशवी असायची. तिच्यात तुमच्या पाचूबंदरच्या कुठल्या ना कुठल्या बाईचा अर्ज, रेशनकार्डाची झेरॉक्स, पोरांचे जन्मदाखले. त्या कागदांना बोंबलाचा वास यायचा. मी नोकरीत होतो तेव्हाही यायचा. आमचा शिपाई लांबूनच सांगायचा, "भाऊसाहेब, बंदरावरची डाक आली."

तुझ्या जागेवर आता दुसरी एक बाई बसते. चांगली आहे, वजनात मारत नाही. पण तिला कुणाच्या पोरांची काळजी नाही आणि माझ्याशी वाद घालायला वेळ नाही. तिच्याकडूनच मला तुझं कळलं. सुरमईचे तुकडे करता करता म्हणाली, "मार्था मावशी गेली ना हो." मी पैसे दिले, सुरमई घेतली, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसलो आणि रडलो. साठी ओलांडलेला माणूस हातात माशाची पिशवी घेऊन रडतोय हे बघून वॉचमनने मला पाणी आणून दिलं.

या गोष्टीला महिना झाला. परवा तुझ्यासाठी महिन्याची मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना होती. मी आलो होतो. तुमच्या देवळात कधी उभं राहायचं, कधी बसायचं हे मला अजून समजत नाही. पुढच्या बाकावरच्या माणसाचं बघून मी उठबस करत होतो. मिस्सानंतर जे झालं ते तुला सांगायला हे लिहितोय. पण ते सांगायचं तर आधी बारा वर्षांमागचं सांगायला पाहिजे, आणि ते तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं मी तुझ्यापासून लपवलं होतं.

आपली ओळख भांडणातूनच झाली. मी गुहागरकडचा, बदली होऊन तुमच्या भागात तलाठी म्हणून आलो. पहिल्याच आठवड्यात तू माझ्या टेबलासमोर उभी. म्हणालीस, "तुमी नवीन भाऊसाहेब ना? मंग ऐका. आमच्या बंदरावर सात बाया हायेत. घरवाले गेले, पोरं ल्हान. कोनाला एक पैसा मिलत नाय. फॉर्म कुठं हाय?" मी म्हणालो, त्यांना स्वतःला येऊ द्या. तू म्हणालीस, "त्या कोलंबी सोलतात. एक दिस इथं आल्या तर त्या दिवशी पोरं काय खानार, तुमचा स्टॅम्प?" मला राग आला होता. आमच्यात म्हण आहे, सरकारी काम अन् सहा महिने थांब. तुझा थांबण्यावर विश्वासच नव्हता.

तरी मला तू आवडायचीस, हे आता सांगायला हरकत नाही. तुला अक्षरं जोडून जोडून वाचता यायची, पण कुठल्या बाईचा कुठला कागद कुठे अडलाय हे तुला तोंडपाठ. निराधार योजनेला काय लागतं, बालसंगोपनाला काय लागतं, कुठला अर्ज आमच्याकडे आणि कुठला पालघरला, हे कचेरीतल्या नव्या पोरांना तू शिकवायचीस. कोलंबी सोलून आणि मिठाच्या पाण्यात हात घालून बायांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या जातात आणि बँकेच्या मशीनला त्यांचे अंगठे ओळखू येत नाहीत, हे मला पहिल्यांदा तूच दाखवलंस. स्वतःचा अंगठा माझ्या डोळ्यांसमोर धरून म्हणालीस, "बगा, गुलगुलीत. देवानं मला नवी कोरी करून ठेवलीय." मशीनला लावण्याआधी हात कोमट पाण्यात बुडवून ठेवायचे, मग तेलाचं बोट फिरवायचं, ही तुझी युक्ती. निम्म्या वेळा ती चालायची.

आणि पैशांवरून आपलं कधीच जमलं नाही. माझं मत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडंसं अजून आहे, की पोरांसाठी द्यायचं तर वस्तू द्यावी. वह्या द्या, धान्य द्या, गणवेश द्या. रोख पैसा हातात गेला की त्याला पाय फुटतात. तू म्हणायचीस, "भाऊसाहेब, तुमचा पगार तुमाला वह्यांमदी देतात काय?" मी म्हणायचो, तो वेगळा विषय आहे. तू म्हणायचीस, "कसला वेगला? बाईला ठाव असतं ना आज घरात काय नाय ते. एका घरी तांदूल नाय, एका घरी पोराच्या कानात पू झालाय. तुमी दोगींना वहीच देनार." पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा दोन महिने तुमच्याकडे काय असतं, हे तू मला सांगायची नाहीस, घेऊन जाऊन दाखवायचीस. मी बघायचो आणि तरी परतताना वाद चालू ठेवायचो.

आता लुसीचं.

तुझ्या शेजारच्या गल्लीतली लुसी. तिचा नवरा बोटीवर जाळं ओढता ओढता छातीत कळ येऊन गेला. मागे दोन मुली, स्टेला अकरा वर्षांची आणि सिल्विया सातेक वर्षांची. तू तिचा अर्ज घेऊन आलीस तेव्हा कागद पूर्ण होते, मला काही खोट काढता आली नाही म्हणून मी जरा खट्टूच झालो. राहिली होती फक्त गृहचौकशी. म्हणजे तलाठ्याने घरी जायचं, घर बघायचं, परिस्थिती खरंच हलाखीची आहे का ते लिहायचं. तो अहवाल समितीपुढे जातो आणि समिती बहुतेक वेळा तलाठ्याचं ऐकते.

मी दुपारी बाराला पोचलो. दारात शेण-पाणी नव्हे, फरशी पुसून लख्ख केलेली. खुर्चीवर धुतलेली चादर. भिंतीवर येशूची तसबीर, खाली नवऱ्याचा फोटो, फोटोला ताजी फुलं. लुसी काळ्या साडीत, पण साडी इस्त्रीची. मी पाणी तेवढं घेईन म्हणालो, कारण चौकशीला गेलं की कुणाकडे चहासुद्धा घ्यायचा नाही हा माझा नियम होता. कचेरीत मी तो ऐकवूनही दाखवायचो. पण आतून तळणाचा वास येत होता आणि पाच मिनिटांत माझ्यासमोर ताट आलं. तळलेलं आख्खं पापलेट, तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण. मी नाही म्हणालो, तर लुसीचा चेहरा पडला. "आमच्याकडून घेत नाय काय?" एवढंच म्हणाली. नवरा गेल्यावर त्या घरी पाय लावणारा मी पहिला साहेब. मी जेवलो. फार चांगलं होतं. तसं पापलेट मी परत कधी खाल्लं नाही.

जेवताना थोरली समोर येऊन उभी राहिली. स्टेला. तिच्या गळ्यात सोन्याचा हार होता. मी सहज विचारलं, "छान आहे गं हार, कुणी केला?" ती म्हणाली, "बाबांनी." आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

मी कचेरीत आलो आणि लिहिलं, कुटुंबाची राहणी सुस्थितीतील दिसते, मुलीच्या अंगावर सोन्याचा दागिना आढळला. सही केली. महिन्याभराने लुसीला कागद गेला, त्यावर एकच शब्द होता, अपात्र. कारण लिहायची रीत नव्हती.

तू कागद घेऊन आलीस. मला वाटलं आता टेबल उलटं होणार. पण तू खुर्चीत बसलीस, पदराने तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "वरनं नाकारलं. तुमी तरी काय करनार, भाऊसाहेब." मी म्हणालो, "वरचं वरच्यांना माहीत." हे माझं पहिलं खोटं.

नंतर कधीतरी तूच मला सांगितलंस की ते पापलेट तुझं होतं. तूच लुसीला सांगितलं होतंस, साहेब पहिल्यांदा येतोय, नीट कर, आपलं घर उघडं दिसू देऊ नको. भाकऱ्या एकीने थापल्या, कोलंबी दुसरीने दिली, खुर्ची फादरच्या घरून आली. आख्ख्या गल्लीने मिळून एका घराची अब्रू राखली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. दाराशी आलेल्या माणसाला, मग तो चौकशीला का आलेला असेना, पाहुणा समजायचं ही तुमची रीत, आणि ती रीत तुमच्याच विरुद्ध मी कागदावर लिहून ठेवली.

तू म्हणालीस, "कदी कदी वाटतं, माजंच चुकलं काय? मीच तिला नीट कर म्हनाले व्हते. तेच नडलं काय?"

मावशी, तेव्हा सांगायला हवं होतं. त्याहून चांगली वेळ मला कधी मिळणार नव्हती. टेबलाशी आपल्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. मी म्हणालो, "छे छे, त्याचा काय संबंध." हे दुसरं.

त्या प्रकरणातून तू जे शिकलीस ते सगळ्या बंदराला शिकवलंस. त्यानंतर मी कुठल्याही घरी चौकशीला गेलो की मला फक्त पाणी मिळायचं, तेही स्टीलच्या पोचे पडलेल्या पेल्यात. टीव्हीवर गोधडी टाकलेली. बाया फाटक्या गाऊनमध्ये. पोरं भिंतीला टेकून गप्प उभी. एकदा असंच एका घरून निघालो आणि वळून बघितलं तर खिडकीत तीच पोरं एकमेकांना ढकलत खिदळत होती. मी तुला हसत हसत सांगितलं, तर तू हसली नाहीस. म्हणालीस, "पोरांना सांगावं लागतं, साहेब हाय तवर हसू नका. भाऊसाहेब, भूक दिसत नाय म्हनून तोंड पाडायचं? हे आमी पोरांना शिकवायचं, अन् मास्तरनं वर बेरीज शिकवायची." मी म्हणालो, मग सरकारने ओळखायचं कसं खरा गरजू कोण ते? तू म्हणालीस, "ज्या घरात बाप नाय अन् पोरं हायेत, तिथं ओलखायचं काय असतं?" हा वाद आपण दहा वर्षं घातला. मी नेहमी म्हणायचो, असं सरसकट दिलं तर धनधांडगे आधी रांगेत येतील. तू म्हणायचीस, येऊ दे की, आमची पोरं तरी रांगेत असतील. मी अजून पुरता तुझ्या बाजूला आलेलो नाही. पण आता मला उलट बोलायला कुणी नाही आणि एकट्याने वाद घालण्यात मजा नाही.

दोन वर्षांनी तू लुसीचा अर्ज परत आणलास. मीच परत चौकशीला गेलो. या वेळी चादर नव्हती, फुलं नव्हती. लुसीने पाणी ठेवलं आणि दाराशी उभी राहिली, माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. सिल्विया होती. थोरली दिसली नाही. विचारलं, तर लुसी म्हणाली, "शेडवर जाते. कोलंबी सोलायला." शाळा? "सोडली तिनं. तिचंच मन नाय लागलं." मी अहवाल त्याच संध्याकाळी लिहिला, स्वतः समितीच्या फाईलला लावला, दोनदा जाऊन विचारलं. पैसे सुरू झाले. तू मला सुके बोंबील आणून दिलेस आणि म्हणालीस, "भाऊसाहेब, तुमी मनावर घेतलंत म्हनून झालं." ते बोंबील मी घेतले, मावशी. ते परत करायला हवे होते.

पहिले पैसे आले ते तीन-चार महिन्यांचे एकदम आले आणि लुसीने त्यातून सिल्वियाच्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे देवळातल्या पहिल्या प्रसादाच्या विधीला, पांढरा झगा आणि बूट घेतले. मी चिडलो होतो. मी म्हणालो, बघ, हेच म्हणत होतो, सरकारचा पैसा झग्यात. तू टोपली खाली ठेवलीस. "एकोनतीस पोरी व्हत्या देवलात," म्हणालीस, "सगल्या पांढऱ्या झग्यात. सिल्वी बाकीच्यांसारखी उभी राह्यली. तिच्याकडं कोन बी वलून बगितलं नाय. तुमाला नाय समजनार, आपल्याकडं कोन वलून बगत नाय यात काय सुख असतं ते." मला तेव्हा खरंच समजलं नव्हतं. मी म्हणालो, भाड्याने मिळतात की झगे. तू मला दोन दिवस मासे विकले नाहीस.

सिल्विया शिकली. तुझ्या मागे लागण्याने बालसंगोपनही झालं, बारावी झाली, आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हे तुझं यश आणि ते मी सगळ्यांना सांगतो. स्टेलाबद्दल कुणी विचारलं तर मी म्हणायचो, काय करणार, गरिबी. ती परत शाळेत गेली नाही. शेडवरून बर्फाच्या कंपनीत, तिथून आणखी कुठे. मी स्वतःला सांगत आलो की दोन वर्षं पैसे उशिरा आले म्हणून काही कुणाची शाळा सुटत नाही, तिचंच मन लागलं नसेल.

तुला सांगायचं मी तीनदा ठरवलं. निवृत्तीच्या दिवशी ठरवलं, तर तू कचेरीत सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात हार घातलास आणि म्हणालीस, हा मानूस आमचं मीठ न खाता आमचं काम करतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग विरारला तू माझ्या बिल्डिंगखाली बसायला लागलीस तेव्हा ठरवलं. आणि शेवटी, तुझा पाय सुजला होता आणि तू दोन आठवडे आली नाहीस, मी तुला बघायला घरी आलो, तेव्हा. तू खाटेवर होतीस. मी म्हणालो, "मावशी, एक जुनं सांगायचंय." तू म्हणालीस, "जुनं ऱ्हाऊ द्या. त्या कोपऱ्यात पिशवी हाय, ती घ्या. मेरीच्या सुनेचा अर्ज. चेहरा दाखवून काम होतं म्हनतात आता, अंगठा नको. बगा तुमच्या फोनवर." मी पिशवी घेतली आणि निघालो. सुटलो असं वाटलं. नऊ दिवसांनी तू गेलीस.

परवा मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारात मला स्टेला भेटली. मी ओळखलं नाही, तिनेच हाक मारली. तेविशीची बाई झालीय, कडेला मूल. म्हणाली, घरी चला, आईला बरं वाटेल. मी म्हणालो उशीर होतोय. मग तीच म्हणाली, "मार्था मावशी लय नाव घ्यायची तुमचं. म्हनायची, आमच्यासाठी लय केलंत." आणि मावशी, मला ते ऐकवलं नाही. तू असतानाही तुझ्या तोंडून ऐकवायचं नाही, पण तू होतीस तोवर मी हसून वेळ मारून नेत होतो. मी तिच्याबरोबर घरी गेलो.

तेच घर. लुसी आत काहीतरी करत होती. सिल्विया हॉस्टेलवरून आलेली, ती मुलाला घेऊन बाहेरच्या ओटीवर गेली. मी खुर्चीवर बसलो आणि स्टेलाला म्हणालो, "तुमचा पहिला अर्ज वरून नाकारला नव्हता. मी लिहिलं होतं. सुस्थितीत म्हणून. तुझ्या गळ्यातला हार बघून."

तिने मान हलवली. "ठाव हाय."

मी म्हणालो, कुणी सांगितलं?

"कोनी नाय. मला तवाच समजलं. शेजारची मामी म्हनाली, साहेब येनार, पोरीचा गला ओका नको, अन् तिचा हार घातला मला. आई नको म्हनत व्हती. मलाच हौस. तुमी विचारलंत कोनी केला, मी म्हनाले बाबांनी. बाबा गेलेले, मला वाटलं त्यांनी काय तरी केलेलं असावं माज्यासाठी." तिने आतल्या दाराकडे बघितलं. "कागद आला नकाराचा तवा आईनं ओलखलं. मला लय मारलं, पन भाईर कोनाला बोलली नाय, मार्था मावशीला बी नाय. म्हनाली, एका खोट्यानं दोगी भैनींच्या तोंडचा घास घालवलास. मंग मी म्हनाले, मी जाते शेडवर. माज्यामुलं गेले ते पैसे, ते मीच आनते."

मावशी, मी दहा वर्षं या मुलीला "मन लागलं नाही" म्हणत होतो.

मग मी तिला ते सांगितलं जे मी तुला, बायकोला, कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. तो हार तिचा नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. हार मोठ्या बाईचा होता. तिच्या गळ्यात तो पोटापर्यंत येऊ नये म्हणून मानेमागे गाठ मारून काळ्या दोऱ्याने आखूड केला होता. ती ताट उचलायला वळली तेव्हा तो दोरा मला स्पष्ट दिसला. उसना दागिना आहे, हे न कळायला मी काही आंधळा नव्हतो. मी तिचं खोटं खरं मानून लिहिलं नाही. खोटं आहे हे माहीत असून लिहिलं.

"मंग लिवलंत कशाला?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही.

मी बारा वर्षं याचं उत्तर टाळलं होतं, पण ते मला येत होतं. मी त्या घरी जेवलो होतो. चहासुद्धा न घेणारा मी, पापलेट खाऊन निघालो होतो आणि गल्लीतल्या दहा जणांनी ते बघितलं होतं. अर्ज मंजूर केला असता तर उद्या कुणीतरी म्हणालं असतं, भाऊसाहेब मासे खाऊन सह्या करतो. माझं नाव स्वच्छ राहावं म्हणून मी कडक झालो. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणाचा दबाव नव्हता. मी स्वतःचा प्रामाणिकपणा जपला आणि त्याची किंमत एका अकरा वर्षांच्या मुलीने भरली. हे सगळं मी तिला असंच सांगितलं, याहून वाईट शब्दांत.

 मी माफी मागितली ती तिने ऐकली की नाही मला माहीत नाही. ती दुसराच काही विचार करत होती. मग ती उठली, आतल्या दाराशी गेली आणि मोठ्याने म्हणाली, "आये, यांना दोरा दिसला व्हता!"

आतला नळ बंद झाला. लुसी हात न पुसता बाहेर आली. केस पिकलेत तिचे. तिला काहीतरी सांगावं म्हणून मी उठून उभा राहिलो, पण तिने माझ्याकडे बघितलंच नाही. स्टेलाने तिला पुन्हा सांगितलं, सावकाश, "त्यांना ठाव व्हतं, हार आपला नाय. माज्या बोलन्यानं नाय गेलं ते."  लुसीने ओल्या हातानेच लेकीचा गाल धरला.

"मी तुला मारलं व्हतं त्या दिशी," लुसी म्हणाली.

"ऱ्हाऊ दे आता," स्टेला म्हणाली.

मी चपला हातात घेऊन बाहेर पडलो आणि ओटीवर येऊन घातल्या. मावशी, त्या दिवशी टेबलाशी तू विचारलंस तेव्हा मी तुला खरं सांगितलं असतं, तर तू मला शिव्या घातल्या असत्यास, माझी तक्रार केली असतीस, मासे विकायचे कायमचे बंद केले असतेस. आणि मग सरळ त्या घरी जाऊन तू लुसीला सांगितलं असतंस, पोरीचं काय बी चुकलं नाय, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा हात धरून तिला शाळेत सोडून आली असतीस.